आईच्या हसण्याचं ठिगळ

आमच्या स्टुडिओत एक शब्द चालतो, तो या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला विचारलात तर कळणार नाही. ठिगळ. कॅमेऱ्यासमोर माणूस बोलत असतो. मध्येच खोकतो, अडखळतो, नको ते बोलून जातो. तेवढा तुकडा कापला की चित्र उडी मारतं, मघाशी डावीकडे असलेली मान एकदम उजवीकडे दिसते. ही उडी झाकायला त्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा टाकायचा आणि आवाज मात्र पहिल्याचाच चालू ठेवायचा. त्या चेहऱ्याला बाबा ठिगळ म्हणतात. आणि बाबांच्या राज्यात ठिगळ म्हणजे बाई. ऐकणारी, मान डोलावणारी, कौतुकाने हसणारी बाई.

मी एकदा विचारलं होतं, "आणि बाई बोलत असली तर ठिगळ कुणाचं लावायचं?"

"बाईचं बोलणंच थोडं ठेवायचं," बाबा म्हणाले. "मग ठिगळाची गरजच पडत नाही."

माझा धाकटा भाऊ यावर इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. पुसला आईने.

निवृत्तीचे सोहळे, कंपन्यांचे वर्धापनदिन, शाळांची स्नेहसंमेलनं, घरोघरचे वाढदिवस, असल्या सगळ्या फिल्म आम्ही करतो. खाली दुकान आणि शूटिंगची खोली, वर घर, आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर संकलनाची खोली. तिला खिडकी नाही. दोन मॉनिटर, एक हात मोडलेली खुर्ची, आणि कॉलेज संपल्यापासून त्या खुर्चीत मी. या खोलीवर माझा जीव आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. दोन शॉट असे शेजारी ठेवायचे की बघणाऱ्याच्या मनात तिसरंच काही उमटावं, यापेक्षा मोठं सुख मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आधी रडणारं मूल दाखवा, मग बंद दार दाखवा. दाराआड कोण आहे ते मी सांगायची गरजच उरत नाही.

फिल्मच्या शेवटी पाटी येते. दिग्दर्शन: भाऊ. संकलन: भाऊ. भावाला घरात सगळे राजे म्हणतात. आजी लाडाने म्हणायची, आता सवयीने म्हणतात, मी दात ओठ खाऊन म्हणते. राजेंना संकलनातलं एवढंच कळतं की मशीन कुठल्या बटणाने चालू होतं. बाबांचं म्हणणं, "गिऱ्हाईकाला पुरुषाचं नाव वाचून भरवसा वाटतो. तुझं काय, तू घरचीच आहेस." आयत्या बिळावर नागोबा बसतो ते ठीक आहे, पण बिळाने वर त्याचं कौतुकही करायचं, हे जरा जास्त होतं.

बाबांना काम येत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ते येतं, म्हणून तर चीड येते. पुरुष उभा असेल तर कॅमेरा खाली बसवायचा, म्हणजे तो उंच दिसतो. बाई आली तर आधी तिचे हात घ्यायचे, हातातला ट्रे घ्यायचा, चेहरा वेळ उरला तर. जोडपं असेल तर फोकस नवऱ्यावर आणि बायको जराशी धूसर. बाबा त्याला 'मऊ ठेवणं' म्हणतात. मऊ कसली, पुसलेली. पण शिस्त अशी की बोलायची सोय नाही. कुणी "रेकॉर्डिंग चालू आहे" म्हटलं की बाबा श्वाससुद्धा हळू घेतात. एकदा शूटिंगच्या खोलीच्या दारात त्यांचं बोट चेमटलं, नख काळंनिळं झालं, पण आतला माणूस बोलायचा थांबेपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही. नंतर अख्खं दुकान डोक्यावर घेतलं, ती गोष्ट वेगळी.

आता हसण्याचं सांगते. आईचं कॅमेऱ्यावरचं हसू एकच आहे. दुकानाची जाहिरात असो, बाबांची मुलाखत असो, बाबा म्हणतात, "माझ्या या प्रवासात हिची साथ," आणि पडद्यावर तेच हसू येतं. आई आता थकली, केस पिकले, पण पडद्यावर ती तरुणच असते, आठवण म्हणून रंग थोडे उडवलेले. शॉट फार छोटा. हसू पूर्ण फुलतं आणि तिथेच कापलेलं. शिवाय उलटा केलेला. मूळ शॉट तसाच लावला तर आई बघते त्या दिशेला बाबा येत नाहीत, नवऱ्याकडे पाठ फिरवून हसल्यासारखं दिसतं. म्हणून आरशात दिसतो तसा फिरवला, की झाली नजर नवऱ्याकडे. त्या फिरवाफिरवीत आईच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला. इतक्या वर्षांत हे फक्त मावशीच्या लक्षात आलं.

"अगं, तुझा तीळ पळाला की!" मावशी म्हणाली होती.

"ती आरशात स्वतःला बघते तसंच दिसतंय ते," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. आईने नकळत गालाला हात लावून पाहिला.

तो शॉट मी घेतलेला आहे. मी शाळेत होते, बाबा गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेले होते, आणि मी तिवईवरचा कॅमेरा पहिल्यांदा चालू केला. समोर आई होती. मी कॅमेऱ्याच्या बाजूने डोकावत होते, म्हणून ती भिंगाकडे न बघता माझ्याकडे बघून हसली. माझ्याकडे. बाबांकडे नव्हे. हे मला पहिल्यापासून माहीत होतं आणि इतकी वर्षं मी तोच शॉट माझ्याच हातांनी बाबांच्या बाजूला शिवत आले.

या वर्षी फोटोवाल्यांच्या आणि फिल्मवाल्यांच्या संघटनेने बाबांचा जाहीर सत्कार ठरवला. हॉल, हार, भाषणं आणि बाबांच्या कारकिर्दीवरची फिल्म. बाबांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की त्याच मंचावर ते स्टुडिओ राजेंच्या हाती देणार.

"आणि मधली खोली?" मी विचारलं.

राजेंनी तोंडातला घास गिळायचीही वाट पाहिली नाही. "ती मोकळी करायची, ताई. सोफा टाकू, गिऱ्हाइकांना फिल्म दाखवायला. एडिटिंग आता बाहेरून करून घेतात सगळे."

"मग मी?"

"तू काउंटरला बस," बाबा म्हणाले. "गोड बोलायला घरचं माणूस हवंच. तसंही त्या अंधाऱ्या खोलीत बसून डोळ्यांची वाट लावून घेतलीस. चांगलं एखादं स्थळ..."

"बाबा, दुकानाचं बोला."

"दुकानाचंच बोलतोय. मुलीची जात, आज ना उद्या जायची. तिच्या भरवशावर खोली अडवून ठेवू?"

"पण ही फिल्म मीच कापणार ना? की तीही बाहेरून?"

"ही तू कर," बाबा म्हणाले. "शेवटची म्हणून नीट कर."

आई पोळ्यांचा डबा पुढे सरकवत होती. मला तिचाही राग आला, खरं सांगते. एवढी माझ्या खोलीवर कुऱ्हाड पडतेय, आणि ही विचारतेय, "अजून वाढू?"

फिल्मचं शूटिंग राजेंनी केलं. बाबा खुर्चीत आणि कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकलेला, म्हणजे बाबांच्या नाकपुड्यांतून त्यांचं कर्तृत्व दिसावं. राजे दारात उभे, पाठीमागून प्रकाश, जणू काही लढाई मारून आले. मग राजे मधल्या खोलीत आले आणि त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

"हे घाल."

"कशाला?"

"की-बोर्डवरच्या हातांचा क्लोजअप हवाय. माझी बोटं बटणं शोधत बसतात, बरं दिसत नाही. तू चालव. आधी तुझे हात, मग माझा चेहरा. घड्याळ एकच दिसलं की झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं. वर कमाल अशी की युक्ती चांगली होती. हात एकाचे, चेहरा दुसऱ्याचा, मध्ये एक घड्याळ, आणि बघणारा शपथेवर सांगेल की माणूस एकच. ही जोडणी मीच त्याला कधीतरी समजावून दिली होती. मी पट्टा आवळला, हात चालवले. शॉट झाल्यावर घड्याळ काढलं आणि त्याच्याकडे दिलं. कॅमेरा बंद करायचं त्याच्या डोक्यात राहिलं नव्हतं. फिल्म कापायला बसले तेव्हा ते मला दिसलं.

बाबांना दाखवलेली प्रत अगदी त्यांच्या मनासारखी होती. नाकपुड्या, दार, हात, घड्याळ, हसू, सगळं जागच्या जागी. बाबांनी मान डोलावली. राजे म्हणाले, "बघा, जमतं ताईला सांगितलं की." मग सगळी मंडळी खाली गेली आणि मी दार लावून घेतलं. जुन्या टेपवरून उतरवलेला तो मूळ शॉट उघडला, नेहमीचा फिरवलेला तुकडा नव्हे, अख्खा. आवाजासकट. मग मी फिल्मच्या दोनच जागा बदलल्या. नवीन काही जोडलं नाही, कुणाच्या तोंडी काही घातलं नाही. जिथे कापायचं तिथे कापलं नाही, एवढंच. हॉलवर गेली ती ही प्रत.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत बाबा, राजे, संघटनेचे अध्यक्ष आणि कडेला आई; मी त्यांच्या मागच्या रांगेत. दिवे मालवले. नाकपुड्या आल्या, टाळ्या आल्या. मग की-बोर्डवर झरझर चालणारे हात आले, मनगटावर मोठं घड्याळ, आणि निवेदकाचा जाड आवाज: "पुढच्या पिढीने हा वारसा समर्थपणे पेलला आहे." इथे राजेंचा चेहरा यायला हवा होता. तो आला नाही. हात थांबले. एका हाताने दुसऱ्या हातावरचं घड्याळ सोडलं, पुढे केलं, आणि राजेंचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला, "जपून गं, ओरखडा पडेल."

मागच्या रांगांत आधी खुसखुस आणि मग खदखदून हसू फुटलं. सगळे या धंद्यातलेच, न समजणारा कुणी नव्हता. पडद्याच्या उजेडात राजेंच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मला मनापासून बरं वाटलं.

मग बाबा पडद्यावर म्हणाले, "माझ्या या प्रवासात हिची साथ." आणि आई आली. या वेळी तीळ डाव्या गालावर, रंग पुरे, आणि नजर बाबांपासून दूर, चौकटीबाहेर. हसू फुललं. नेहमीची कापायची जागा आली आणि गेली. आई हात पुढे करून म्हणाली, "दे इकडे, आता मी घेते तुझा." तिचा आवाज किती मोकळा होता, मीसुद्धा विसरले होते. ती दोन पावलं कॅमेऱ्याकडे आली, चेहरा मोठा झाला, आणि कुठूनतरी बाहेरून बाबांचा आवाज, "ए, हात लावू नकोस! बायकांच्या हातातलं खेळणं नाही ते."

आणि हसू गेलं. भरकन नाही गेलं. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडं रेंगाळलं, कारण ओठांना कळायला वेळ लागला. मग तिथूनही गेलं. त्यानंतर आई कॅमेऱ्यासमोर पुन्हा हसलेली नाही, म्हणून तर बाबांना तेच एक हसू जन्मभर पुरवून वापरावं लागलं. मी तो चेहरा पडद्यावर तसाच ठेवला, टेप संपेपर्यंत. अध्यक्ष हातातल्या हाराकडे बघत बसले.

घरी आलो. दार लागलं आणि बाबा सुटले.

"घरातलं चव्हाट्यावर मांडलंस! बापाच्या सत्काराच्या दिवशी!"

"मांडलं नाही, बाबा. या वेळी झाकलं नाही."

"तोंड वर करून बोलतेस? मी शिकवलं म्हणून कात्री हातात आली, आणि माझ्याच गळ्यावर चालवलीस!"

"ताईला जळजळ आहे, बाबा," राजे म्हणाले. "दुसरं काही नाही. लोकांसमोर माझं हसं केलं."

"तुझं हसं करायला माझी काय गरज होती? मी फक्त कॅमेरा चालू ठेवला. खरं तर तूच ठेवला होतास."

तो अंगावर आला. बाबांनी त्याला थांबवलं नाही, आईने थांबवलं, मध्ये उभी राहून. बाबा म्हणाले, "उद्या सकाळी मधली खोली रिकामी झाली पाहिजे. त्या खोलीत परत पाय ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे."

मी आईकडे बघितलं. आता बोल, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. आता तरी बोल, तुझ्यासाठी एवढं केलं.

आई बोलली. पण माझ्याकडे तोंड करून.

"मला विचारलंस?"

"काय?"

"भरल्या हॉलमध्ये माझं पडलेलं तोंड दाखवलंस. एवढ्या लोकांनी बघितलं. मला एकदा विचारलंस, दाखवू का म्हणून?"

"आई, मी तुझ्याच बाजूने..."

"यांनीही माझ्याच कौतुकासाठी लावलं होतं, इतकी वर्षं." तिचा आवाज चढला नव्हता, पण मी तो असा कधी ऐकला नव्हता. "यांना माझं हसू लागत होतं, यांनी तेवढं कापून घेतलं. तुला माझा अपमान लागत होता, तू तेवढा घेतलास. तुमची भांडणं तुमची. मी दोघांनाही ठिगळच."

बाबांना वाटलं, बायको त्यांच्या बाजूने बोलली. ते म्हणाले, "ऐक, आईचं तरी ऐक." आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून गेले. मी जिन्यात जाऊन बसले. मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी संताप आला.

सकाळी मी खोकी घेऊन खोली आवरायला गेले तर दार उघडंच. आई आत होती. ही खोली झाडायचं काम तिचं, त्यामुळे चावी कायम तिच्याकडे; हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्या ध्यानात नव्हतं. तिने खोकी माझ्या हातातून घेऊन बाहेर ठेवली, दाराला आतून कडी घातली आणि फडताळातला छोटा कॅमेरा उचलला.

"बस," तिने हात मोडलेल्या खुर्चीकडे बोट केलं.

"आई, तू बस. मी घेते. तुला जे बोलायचं ते बोल, मी एक शब्द कापणार नाही, शप्पथ."

"तू कापशील. तुझे हात यांनीच शिकवलेत." मग तिने माझ्यासमोर हात पुढे केला, त्या हातात कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण होतं, ते तिने मला धरायला दिलं. "आता मी घेते तुझा. कुठलं दाबायचं?"

मी सांगितलं. लाल ठिपका लागला. तिने कॅमेरा खाली धरला नाही, वरही नाही. स्टूल ओढलं, समोर बसली, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. इतकी वर्षं कोपऱ्यात उभं राहून ती काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

जिन्यावर पावलं वाजली. दोघांची. कडी खडखडली आणि मग दारावर मूठ बसू लागली.

"उघड दार! सामान बाहेर काढ म्हणून सांगितलं होतं ना? राजे, पाना आण, दारच काढतो मी!"

आईने भिंगावरून नजर काढली नाही.

"आवाज बंद," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग चालू आहे."

आणि बाबा गप्प झाले. एकदम. मूठ वरच्या वर थांबली असावी. राजे काहीतरी पुटपुटले तर बाबांनीच त्यांना "शू" केलेलं आम्हाला आत ऐकू आलं. जन्मभराची शिस्त, करणार काय. दारापलीकडे दोन पुरुष श्वास आवरून उभे होते आणि अलीकडे पहिल्यांदाच सगळी शांतता आमची होती.

"सांग," आई म्हणाली. "मला न विचारता का लावलंस? आणि ही खोली कुणाची, तेही सांग. मोठ्याने. दाराबाहेर ऐकू जाईल असं."

मी तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडत आले, मला वाटलं होतं मला बोलता येतं. कुठे बघायचं कळेना. भिंगाकडे बघू की आईकडे? हात कुठे ठेवू? शब्द सापडेनात, तेव्हा मी तेच केलं, जे अशा वेळी आमच्या प्रत्येक फिल्ममधली प्रत्येक बाई करते.

"हसू नकोस," आई म्हणाली. "बोल."